नाशिकात पहिलं घर बांधताना: पर्यावरण सांभाळून पैसे नेमके कुठे वाचतात

मखमलाबादला आमचं घर बांधून सात पावसाळे झाले. तेव्हापासून नात्यातला नाहीतर ऑफिसातला कोणीतरी नकाशाची गुंडाळी घेऊन येतो आणि चहा संपायच्या आत विचारतो, "तुमचं ते पर्यावरणवालं घर म्हणे. महाग पडलं असेल ना?" नाही पडलं. जिथे जास्तीचे पैसे गेले ते हौसेपायी गेले. हॉलच्या पश्चिमेला सहा फुटांची काच बसवली, ती त्यातलीच एक हौस. तिचं पुढे सांगतो.

हा लेख पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांसाठी आहे. एक-दोन मजली, दोन-अडीच गुंठ्यांतलं घर डोळ्यापुढे ठेवून लिहितोय. मी इंजिनिअर नाही. कॉलमचा आकार, सळईचा व्यास, स्लॅबची जाडी ही गणितं स्ट्रक्चरल इंजिनिअरची. त्याची फी वाचवायला जाऊ नका. बहुतेक ठिकाणी अंदाजपंचे जास्त सळई घातली जाते, आणि नीट हिशोब करणारा इंजिनिअर त्या सळईतच आपली फी वसूल करून देतो.

आधी करार, मग नकाशा

छोट्या घराचं काम आपल्याकडे मुख्यतः दोन पद्धतींनी दिलं जातं. ठेकेदाराला मटेरियलसकट चौरस फुटाचा दर ठरवून द्यायचं, किंवा 'लेबर रेट'ने द्यायचं. म्हणजे मजुरी त्याची आणि सिमेंट, सळई, विटा, खडी आपण आणायची. पहिल्या पद्धतीत डोक्याला ताप कमी, म्हणून नोकरदार माणूस तीच धरतो. पण त्यात एक गोम आहे. दर एकदा ठरला की भिंतीत विटा कमी लागल्या काय किंवा बाहेरचा गिलावा वाचला काय, ती बचत ठेकेदाराची. तुम्ही काटकसरीचं बांधकाम सुचवायचं आणि फायदा त्याने घ्यायचा. आम्ही पहिल्या ठेकेदाराला हे सगळं समजावलं तेव्हा तो मोकळेपणाने म्हणाला, "साहेब, तुम्ही काय वाट्टेल ते करा, दर तोच राहील." त्याचंही चुकलं नाही. तिथून आम्ही उठलो आणि लेबर रेटवर आलो.

साइटवर रोज तासभर उभं राहणं जमणार नसेल तर मधला मार्ग काढा. खोदाई, काँक्रीट, विटकाम, गिलावा, फरशी यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या, बिल प्रत्यक्ष मोजमापावर ठेवा, आणि निदान विटा व सिमेंट तरी स्वतः पुरवा. शेवटचा पाच टक्के हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचा, हेही त्याच कागदावर आधीच घाला. नंतर सांगितलंत तर भांडण होतं.

क्षेत्रफळाला कात्री

आमचा पहिला नकाशा ११८० चौरस फुटांचा होता. त्यात एक लांब बोळ, पाहुण्यांसाठी वेगळं टॉयलेट आणि पुस्तकांसाठी म्हणून काढलेली पण उद्या अडगळीचीच होणार अशी खोली होती. बोळ काढून खोल्यांची दारं थेट हॉलमध्ये आणली, पुस्तकं जिन्याखाली गेली आणि घर १०२० वर आलं. दर चौरस फुटाला २००० रुपये धरले तर या १६० चौरस फुटांचे ३,२०,००० होतात. त्यातलं सिमेंट, लोखंड, पाणी, त्याचं गाडीभाडं, पुढची झाडलोट आणि रंग हे सगळं आपोआप टळलं. यानंतर मी जे जे सांगणार आहे त्यातली एकही युक्ती एकट्याने एवढे पैसे वाचवत नाही.

दुसरं, संडास-बाथरूम आणि स्वयंपाकघर एकमेकांना लागून किंवा एकावर एक घ्या. पाईप कमी लागतात आणि गळतीच्या जागाही कमी होतात.

प्लॉटवर तीन वेळा जा

सकाळी, दुपारी दोनला आणि संध्याकाळी पाचला. शक्य असेल तर एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये.

नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, जूनमध्ये तर किंचित उत्तरेकडून जातो. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दुपारीही दक्षिणेला क्षितिजापासून साडेशेहेचाळीस अंशांवरच असतो. याचा अर्थ दक्षिणेची खिडकी आपल्याकडे सगळ्यात शहाणी. तिच्यावर दोन फुटांचा छज्जा काढला तर मार्चमध्ये दुपारी सावली साडेपाच फूट खाली उतरते, म्हणजे खिडकी जवळजवळ पूर्ण झाकली जाते; डिसेंबरात तीच सावली दोन फुटांवर थांबते आणि ऊन आत येतं. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत आमच्या आई त्याच उन्हाच्या पट्ट्यात बसून शेंगा सोलतात.

पश्चिमेचं गणित उलटं. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही. आता माझ्या काचेची गोष्ट. हॉलमधून मावळतीचं आकाश दिसावं म्हणून ती बसवली. पहिल्या एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर हॉलमध्ये बसवेना. आतून जाड पडदे लावले; उपयोग शून्य, कारण काचेतून ऊन आत आल्यावर पडदाच तापतो. शेवटी बाहेरच्या बाजूने बांबूचे चिक टांगले तेव्हा फरक पडला. आता मावळतीचं आकाश बघायला गच्चीवर जातो. पश्चिमेला जिना, बाथरूम, कोठीची खोली, कपाटांची भिंत घ्या आणि खिडक्या लहान ठेवा. पण पूर्ण बंदही करू नका, कारण उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा बहुतेक त्याच अंगाने येतो. पावसाची झडही नैर्ऋत्य-पश्चिमेचीच, तेव्हा त्या बाजूला छज्जा आणि चांगला गिलावा हवाच.

नाशिकची खरी श्रीमंती म्हणजे इथली रात्र. एप्रिलमध्ये दुपारी ३९-४० अंश असले तरी पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं. घर असं हवं की रात्री सगळं उघडून गार हवा आत घ्यायची आणि सकाळी नऊला बंद करायचं. त्यासाठी समोरासमोर खिडक्या, प्रत्येक खिडकीला डासांची जाळी, आणि जिन्याच्या टोपीला (गच्चीवर जिन्यावर येणाऱ्या छपराला) वर एक उघडणारी झरोक्याची खिडकी. तापलेली हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. जुन्या नाशकातल्या वाड्यांचा चौक हेच काम करायचा. खिडक्यांचं एकूण क्षेत्रफळ खोलीच्या आठव्या हिश्श्याएवढं असलं तरी पुरतं. भिंतभर काच महाग, तापणारी आणि पुसायलाही कंटाळवाणी.

पाया: काळ्या मातीचं ऐका

इथली जमीन म्हणजे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यात ठेवला तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. म्हणून आधी दोन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. चार-पाच फुटांवर लागला तर साधा पाया. खूप खोल असेल तर इंजिनिअरला अंडर-रीम्ड पाइल्सबद्दल, म्हणजे खाली फुगवटा असलेल्या जमिनीतल्या काँक्रीटच्या खांबांबद्दल, विचारा. ती पद्धत अशाच मातीसाठी आहे आणि सगळीकडे दहा-दहा फूट खोदण्यापेक्षा स्वस्त पडू शकते.

खोदाईचं काय करायचं ते जेसीबी येण्याआधी ठरवा. काळी माती एका कोपऱ्यात, मुरूम दुसऱ्या कोपऱ्यात. दोन्ही मिसळले की तुम्ही आपलाच मुरूम फुकट घालवून विकतचा आणणार. वेगळा ठेवलेला मुरूम जोत्यात भरायला येतो. काळी माती जोत्यात मुळीच भरू नका. एका नातेवाइकांकडे ठेकेदाराने तीच भरली आणि दुसऱ्या पावसाळ्यात बैठकीच्या खोलीतल्या फरश्या उचलल्या. सगळी फरशी उखडून पुन्हा बसवायला मूळ फरशीपेक्षा जास्त पैसे गेले. ती माती बागेला ठेवा. खोदताना दगड निघाला तर तो जोत्याच्या बाहेरच्या बांधकामात किंवा कंपाउंडमध्ये वापरा. काळ्या दगडाचं जोतं ओल धरत नाही, रंग मागत नाही आणि देखणं दिसतं.

भिंती: इथे थोडं थांबू

नाशिकमध्ये विटेचे तीन पर्याय सहज मिळतात: भट्टीची लाल वीट, राखेची वीट आणि एएसी ब्लॉक (आत हवेचे बुडबुडे असलेले हलके काँक्रीटचे ठोकळे).

राखेची वीट आपल्यासाठी जवळची. नाशिकरोडजवळ एकलहऱ्याचं औष्णिक वीजकेंद्र आहे. आपल्याकडच्या कोळशात ३० ते ४० टक्के राखच असते, तेव्हा ती कुठेतरी जाणारच. विटेत गेली तर सुपीक माती भाजायची वाचते आणि भट्टीचा कोळसाही वाचतो. बांधणाऱ्याचा फायदा वेगळाच आहे: साच्यातली वीट एकसारखी असते, त्यामुळे सांध्यात मसाला कमी लागतो आणि गिलावा पातळ चालतो. पण कारखान्यागणिक दर्जा बदलतो. पन्नास विटा आधी आणा. नखाने ओरखडा उठतो का बघा. दोन विटा एकमेकींवर वाजवा, टणक आवाज आला पाहिजे. चार फुटांवरून मातीत टाकलेली वीट फुटता कामा नये. आणि एक वीट कोरडी असताना वजन करून २४ तास पाण्यात ठेवा; वजन पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त वाढलं तर तो माल परत. लाल विटेलाही याच परीक्षा लावा.

एएसी ब्लॉक विटेच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश वजनाचे, आणि उष्णता बरीच कमी आत येऊ देतात. वजन कमी म्हणून दोन-तीन मजल्यांच्या घरात सळई थोडी वाचते, पण तेव्हाच, जेव्हा इंजिनिअरला ब्लॉकचं आधी सांगितलं असेल. डिझाइन विटेचं आणि बांधकाम ब्लॉकचं, असं केलंत तर फायदा कागदावरच राहतो. ब्लॉकला भेगा पडतात अशी तक्रार सर्रास ऐकाल. बहुतेकदा कारण एकच: गवंडी त्यांना विटेसारखे भिजवतात आणि जाड मसाल्यात बसवतात. ब्लॉकच्या खास चिकट मसाल्याचा पातळ थर वापरा, आणि कॉलम-भिंतीच्या सांध्यावर जाळी मारून मग गिलावा करा.

माझं मत विचाराल तर तळमजला अधिक एक मजला एवढंच घर असेल तर पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती एएसी, बाकी राखेची वीट. आम्ही मात्र सगळीकडे राखेची वीटच वापरली, कारण आम्हाला रॅट-ट्रॅप पद्धत करायची होती.

रॅट-ट्रॅप म्हणजे विटा पडद्यासारख्या उभ्या कडेवर लावून नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी सोडायची. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ती रुजवली. नेहमीच्या नऊ इंची भिंतीत जिथे हजार विटा लागतात तिथे साडेसातशे-आठशेत काम होतं, मसालाही वाचतो, आणि आतली हवेची पोकळी दुपारचं ऊन थोपवते. कोपरे, दार-खिडक्यांच्या कडा आणि जोत्यावरचा पहिला थर मात्र भरीव घ्यायचा. विजेचे पाईप आधी आखून पोकळीतून न्यायचे. मागाहून भिंत फोडायची सोय नाही. आमच्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी डोक्याला हात लावला. "दादा, ही भिंत आहे का कबुतरखाना?" मग कंपाउंडची सहा फूट भिंत नमुना म्हणून बांधून घेतली, त्यांनी स्वतः तिच्यावर पहार आपटून बघितली, आणि काम मार्गी लागलं. पहिले चार दिवस मजुरी जास्त जाते हे धरून चाला. तुमच्या मिस्त्रींनी नमुना भिंतीनंतरही तोंड वाकडं केलं तर आग्रह सोडा. नाखुशीने बांधलेली पोकळ भिंत ओल धरते.

एक मजली घराला भिंतींवरच भार घेणारं बांधकाम चालतं का, हेही इंजिनिअरला जरूर विचारा. भूकंपाचा विचार करून जोत्यावर, खिडकीखाली आणि लिंटेलला (दार-खिडक्यांच्या वरच्या पातळीला) काँक्रीटच्या पट्ट्या घेतल्या की बरेचसे कॉलम वाचू शकतात.

बाहेरून, पावसाची झड न येणाऱ्या उत्तर-पूर्व बाजूंना, विटा उघड्याच ठेवून सांधे नीट भरून घेतले तर गिलावा आणि रंग दोन्ही सुटतात. आतून एक हात गिलावा आणि वर रंग. पुट्टी आणि पीओपीच्या छताला आम्ही नाही म्हटलं. पाहुण्यांपैकी दोघांनी छताविषयी विचारलं. बाकी कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सिमेंट, वाळू आणि पाणी

पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट घ्या. त्यात मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के राख असते, ते सहसा ओपीसीपेक्षा (साध्या सिमेंटपेक्षा) स्वस्त मिळतं आणि घराच्या कामाला उत्तम. फक्त त्याला ताकद यायला वेळ लागतो. पाणी मारायचं ते निदान दहा दिवस, उन्हाळा असेल तर चौदा. स्लॅबवर मसाल्याचे वाफे करून पाणी साठवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. पाईप धरून सकाळ-संध्याकाळ फवारा मारण्यापेक्षा पाणी कितीतरी कमी लागतं. याच कारणाने दिवाळीनंतर पाया काढून मार्चच्या मध्याआधी स्लॅब पडेल असं वेळापत्रक बसवा. एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी स्लॅबला पाजणं जिवावर येतं.

वाळूच्या जागी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. नदी उपसायची गरज नाही आणि दर्जा एकसारखा. गाडी आली की टेप घेऊन स्वतः चढा: लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा, गुणाकार करा, १०० ने भागा, तेवढे ब्रास. चलनावरचा आकडा आणि टेपचा आकडा जुळेलच असं नाही. ओलसर बारीक वाळूचा फुगवटा वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे ओली गाडी घेतली तर पाचव्या-सहाव्या हिश्श्याचे पैसे हवेला दिले.

सिमेंटच्या गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून लांब, दहापेक्षा जास्त थर न लावता ठेवा आणि तीन महिन्यांत संपवा. जूनमध्ये गठ्ठे झालेलं सिमेंट "चाळून वापरू" असं कोणी म्हटलं तर ते फार तर कंपाउंडच्या भरीला.

स्लॅब आणि गच्ची

स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटला फारसं काम नसतं. तिथे सळया ताण घेतात. म्हणून सळयांच्या चौकटींत जुनी मंगलोरी कौलं ठेवून काँक्रीट वाचवतात, त्याला फिलर स्लॅब म्हणतात. खालून कौलांची नक्षी दिसते, छत कमी तापतं. पण डिझाइन इंजिनिअरचंच हवं आणि सेंट्रिंगवाल्याने आधी केलेलं असावं. आमच्याकडे तसा माणूस मिळाला नाही, आम्ही साधा स्लॅब टाकला. शिकाऊ हातांवर स्लॅबचे प्रयोग करायचे नसतात.

गच्चीवर मात्र सगळ्यांना जमणारी गोष्ट आहे. ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा झाल्यावर वर पांढऱ्या तुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक करा. टाइल्सच्या दुकानांत तुटका माल पडलेला असतो. बोललात तर जवळपास हमालीच्या खर्चात मिळतो. पांढऱ्या पृष्ठभागावरून ऊन परततं. एप्रिलमध्ये दुपारी अनवाणी चालून बघा, शेजारच्या करड्या कोब्यावर चटका बसतो आणि इथे नाही. उतार दर दहा फुटांना सव्वा इंच तरी द्या. जुनं घर असेल तर मार्चमध्ये चुन्याचा पांढरा हात मारला तरी खालच्या खोलीत फरक कळतो. दरवर्षी पुन्हा मारायला लागतो, एवढंच.

पाण्याची टाकी गच्चीच्या उत्तर बाजूला घ्या. का, ते विजेच्या भागात येईल.

पाणी

शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्र्यंबक-इगतपुरीकडे त्याच्या कितीतरी पट. १००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. ९३ गुणिले ७०० म्हणजे सुमारे ६५,००० लिटर. उडालेलं, वाहून गेलेलं पाचवा हिस्सा वजा करा: ५२,००० लिटर. दहा हजारी पाच टँकर दरवर्षी तुमच्या गच्चीवर उतरतात आणि गटारात जातात.

महाराष्ट्राच्या एकीकृत विकास नियमांप्रमाणे ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे. आपला प्लॉट लहान असतो म्हणून ठेकेदार "लागत नाही" म्हणतो. नियमाला लागत नाही, बोअरला लागतं.

पण मोठी जमिनीतली टाकी बांधायच्या फंदात पडू नका. आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो. ते पाणी मेपर्यंत पुरवायचं तर टाकी इतकी मोठी लागते की तिच्या काँक्रीटचा खर्च भरून निघत नाही. आम्ही दोन हजार लिटरची टाकी ठेवली, ती पावसाळ्यात भरते-रिकामी होते आणि फ्लश, धुणी, फरशी त्यावर चालतात. टाकी भरली की जास्तीचं पाणी शोषखड्ड्यात. खड्ड्यात खाली मोठे दगड, मग खडी, वर वाळू. दोन गोष्टी सांभाळा: खड्डा काळ्या मातीत संपू देऊ नका, मुरमापर्यंत न्या, आणि पायापासून दहा फूट तरी लांब ठेवा, नाहीतर पायाशेजारची काळी माती तुम्हीच फुगवाल. गच्चीच्या पाईपला खाली एक साधा व्हॉल्व्ह ठेवा. पहिल्या दोन पावसांचं धुळीचं, पाखरांच्या विष्ठेचं पाणी त्यातून बाहेर सोडून द्यायचं.

बाथरूमचं सांडपाणी संडासच्या पाईपपासून वेगळं काढा. बांधताना हा खर्च काही फूट पाईपचा आहे, नंतर करायचा तर अख्खी फरशी फोडायची. ते पाणी कर्दळीच्या वाफ्यातून केळी आणि अळूला जातं. आमच्याकडे पातवड्या मुबलक होतात, शेजारी वैतागलेत.

वीज

आधी लागणारी वीज कमी करा, मग बनवायला घ्या. साधा जुना पंखा ७५ वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३०-३५ वॉटचा. पाच पंखे रोज बारा तास फिरले तर महिन्याला सत्तरेक युनिट वाचतात. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, १०० युनिटच्या पुढे वेगळा आणि ३०० च्या पुढे आणखी वेगळा. त्यामुळे वाचलेले युनिट नेहमी महागड्या टप्प्यातले असतात.

गरम पाण्याला सोलर हीटर घ्याच. शंभर लिटर पाणी २० वरून ४० अंशांवर न्यायला सव्वादोन युनिटच्या पुढे वीज लागते, रोज. आत्ता पैसे नसतील तर यंत्र पुढच्या वर्षी घ्या, पण गरम पाण्याचा पाईप भिंतीत आत्ताच टाका आणि त्याला उष्णतारोधक आवरण घाला. बाथरूम हीटरच्या बरोबर खाली असेल तर उत्तम; लांब असेल तर दर आंघोळीला अर्धी बादली गार पाणी सोडून द्यावं लागतं.

गच्चीवरच्या सौर पॅनलसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान. तीन किलोवॉटला ७८,००० आणि त्यापुढे तेवढंच. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो आणि शंभरेक चौरस फूट जागा घेतो. बारा महिन्यांची बिलं काढा, सरासरी युनिटला १२० ने भागा. येईल तेवढे किलोवॉट. विक्रेता यापेक्षा मोठी यंत्रणा सुचवेल. अर्जदाराचं आणि वीजबिलावरचं नाव एकच हवं, त्यामुळे मीटर घ्यायच्या वेळीच नाव विचार करून घाला. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २० अंश कललेले असतात. टाकी दक्षिणेला असली तर हिवाळ्यात तिची लांब सावली दुपारभर पॅनलवर पडते, आणि एका पॅनलवर सावली आली तरी ओळीतल्या बाकीच्यांची वीजही खाली येऊ शकते. म्हणून टाकी उत्तरेला.

पर्यावरणपूरक इमारतींसाठी ग्रिहा, आयजीबीसी अशी मानांकनं असतात. सोसायटीत फ्लॅट घेत असाल तर बिल्डरला जरूर विचारा. एका घरासाठी प्रमाणपत्राच्या मागे जाऊ नका, ते पैसे जाळीला आणि छज्ज्याला घाला.

दारं, फरशी, झाडं

जुने वाडे उतरवले की सागाच्या चौकटी आणि दारं विकायला येतात. नव्या सागाच्या मानाने स्वस्त आणि मुरलेलं लाकूड. टोच्या मारून वाळवीची पोकळी आहे का बघा, आणि भिंत बांधायच्या आधी घ्या म्हणजे भोकाचं माप त्याप्रमाणे ठेवता येईल. शहाबादी फरशी ओसरीला, पार्किंगला आणि जिन्याला झकास. घरभर घालून पॉलिश करत बसलात तर दर व्हिट्रिफाइड टाइल्सच्या पुढे जातो.

पश्चिमेला सावलीसाठी मोठं झाड लावायचं तर भिंतीपासून पंधरा फूट तरी लांब. काळ्या मातीत मुळं पायाशेजारची ओल ओढतात आणि भिंतीला भेगा पडतात. जागा नसेल तर मांडव करून मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवा. नाशिककर म्हणून द्राक्षाचा वेल चढवायचा मोह होतो. आम्हालाही झाला होता. फवारण्या कोण मारणार, या प्रश्नावर बैठक बरखास्त झाली.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी आणि पहिल्या पावसात

गिलावा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीवर टेप धरून फोटो काढा. विजेचे, पाण्याचे पाईप कुठून गेलेत ते नंतर कोणालाच आठवत नाही, आणि एक खिळा चुकीच्या जागी गेला की फरशीपर्यंत खोदकाम.

मग पाऊस आला की छत्री घेऊन गच्चीवर जा. पाणी कुठे साठतं, व्हॉल्व्ह सुटतो का, शोषखड्डा किती वेळात रिकामा होतो, पश्चिमेच्या भिंतीवर आतून डाग येतो का, हे सगळं वहीत तारखेसह लिहा. आमच्याकडे जुलैत जिन्याच्या टोपीखाली ओल दिसली. मिस्त्री आले, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यातला वाटा, म्हणजे सांध्यावरची मसाल्याची गोलाई, फोडून पुन्हा भरला, गणपतीनंतरच्या पावसात परत येऊन हात लावून बघितला. राखून ठेवलेला चेक त्यांनी ऑक्टोबरात नेला.